चार इंजेक्शनं झाली, कासेची सूज उतरेना

मार्कंडेयकाठ (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण पुरतं वाचा. जे माझ्या गोठ्यात झालं ते तुमच्यातल्या पुष्कळांच्या गोठ्यात चाललेलं असणार.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या अंगाला. तीन म्हशी, एक गाय. थोरली म्हैस पंढरपुरी, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली, आईच्या हाताला लगेच पान्हा सोडणारी. गणपती झाल्यावर तिसऱ्यांदा व्याली. बाराव्या दिवशी पहाटे धार काढायला बसलो तर तिनं लाथ झाडली. आजवर कधी झाडली नव्हती. उजवा मागचा सड हाताला दगडासारखा लागला. पहिली धार तळहातावर घेतली तर पिवळट पाणी, आणि त्यात नासलेल्या दुधासारखे कण.

दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली हे आईनं बघताक्षणी ओळखलं. डॉक्टरांना फोन केला, ते दुसऱ्या गावात होते, संध्याकाळी येतो म्हणाले. मला धीर निघाला नाही. औषधाच्या दुकानात गेलो, "म्हशीला दगडी झालीय" एवढंच सांगितलं आणि चिठ्ठीबिठ्ठी न मागता इंजेक्शन मिळालं. गावातल्या एकाकडून टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली, म्हणून पुढचा डोस दिलाच नाही, बाटली फ्रीजमध्ये ठेवून दिली. डॉक्टरांनाही आता नको म्हणून कळवलं. चौथ्या दिवशी कास परत तापली. मग दुसरं इंजेक्शन, "हे जास्त पॉवरचं आहे" म्हणून. तेही दोनच दिवस. मग शेजाऱ्यांनी चंदगडहून आणलेलं तिसरं, आणि शेवटी चौथं. मध्ये एकदा सडात सोडायची ट्यूबही झाली. वीस दिवसांत एवढी औषधं पोटात गेली आणि एकाचाही कोर्स पुरा झाला नाही.

शेवटी डॉक्टरांचे पाय धरले. त्यांनी आधी सगळं बंद करायला लावलं, काही दिवसांनी दुधाचा नमुना घेतला आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट कन्नडमध्ये. 'केच्चलु बावु' म्हणजे आपली दगडी, एवढं मला वाचता आलं, बाकीचं त्यांनी समजावलं. जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. आठ औषधांवर तपासला, त्यातल्या पाचांना तो दाद देत नाही. मी टोचलेली चारच्या चार त्या पाचांत होती.

तो सड आता आटला. म्हैस एका वेळेला सहा लिटर द्यायची, ती साडेतीनवर आलीय.

अजून एक लिहायचं आहे, ते लिहिताना हात अडखळतोय. ते वीस दिवस बाकीच्या तीन सडांचं दूध मी डेअरीला घालत होतो.

आता माझे प्रश्न. गावात म्हणतात म्हशीला इंजेक्शनची सवय लागली. खरं का? की दुकानातलं औषधच खोटं होतं? हा जंतू बाकीच्या जनावरांना आणि घरातल्या माणसांना होतो का? माझी मुलगी पाच वर्षांची आहे, याच गोठ्यातलं दूध पिते.

निपाणीची_आक्का (रविवार, रात्री ९:५२)

भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. पण दुधाचं वाचून पोटात गोळा आला माझ्या.

मी दही विकते, सोळा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात घरचं दूध कमी पडलं म्हणून दोन दिवस बाहेरून घेतलं. तापवलं, कोमट केलं, रोजचंच विरजण घातलं, गाडगी झाकली. सकाळी बघते तर दूध तसंच पातळ. आंबटपणाचा वास नाही की काही नाही. त्याच विरजणानं घरच्या दुधाचं दही मात्र कवडीसारखं लागलेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. ज्यांच्याकडून दूध घेतलं त्यांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, गाईला इंजेक्शनं चालू होती. माणसाला कळत नाही, पण विरजणाला कळतं. तेव्हापासून दुसऱ्याचं दूध आलं की आधी वाटीभर विरजून बघते.

निवृत्त_पशुवैद्य (रविवार, रात्री ११:०५)

मार्कंडेयकाठ, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो. हुक्केरी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत मिळून माझी तीस वर्षं नोकरी झाली आहे. तुमच्यासारखी म्हैस मी कितीदा पाहिली याचा हिशेब नाही.

म्हशीला सवय लागत नाही. तिचं शरीर होतं तसंच आहे. बदलले ते जंतू. उसात तणनाशक मारल्यावर काय होतं ते आठवा. बाकीचं गवत जळतं आणि लव्हाळा उरतो. मग मोकळ्या रानात पाणी, खत सगळं त्यालाच. दोन हंगामांत सरीभर लव्हाळा. "रानाला औषधाची सवय लागली" असं आपण म्हणतो का? कासेतही तेच घडतं. कोट्यवधी जंतूंत थोडे असे असतात की ज्यांच्यावर ते औषध चालत नाही. अर्धवट डोसानं नेमके कमजोर जंतू मरतात. सूज उतरते, आपल्याला वाटतं गुण आला, आणि मागं राहिलेले वाढायला मोकळे. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार दिवस फार झाले.

औषध खोटं होतं असं म्हणायला तुमच्या रिपोर्टात काही नाही. प्रयोगशाळेत औषधाच्या ठरलेल्या मात्रेची चकती ठेवतात. जंतू पसरलेल्या थाळीवर ती ठेवून रात्रभर ऊब देतात. औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो, तो मिलिमीटरमध्ये मोजतात. तुमच्या पाच चकत्यांजवळ जंतू पुरेसे हटलेलेच नाहीत. सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीला गोल असेल तर सुदैव समजा. तिथंही नसता तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस, धरावा लागला असता आणि पेनिसिलिनच्या घराण्यातलं जवळपास काहीच हाताशी राहिलं नसतं.

आता कटू भाग. रिपोर्टात "चालतं" म्हणून लिहिलेलं औषधही या जंतूवर कासेत चालेलच असं नाही. स्टॅफ ऑरियस कासेच्या आत गाठी करून बसतो, पेशींच्या आत लपतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. थाळीवर तो उघडा असतो, कासेत नसतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत योग्य औषध आणि पूर्ण कोर्स मिळाला तर आशा असते. वीस दिवसांनी मीही तुमचा सड वाचवू शकलो नसतो.

दुधाबद्दल. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. २०१२ पासून आपल्या देशात नियमच आहे की लेबलवर वेगळं लिहिलं नसेल तर शेवटच्या डोसापासून दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. एकाच सडाला ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, कारण औषध रक्तातून फिरतं. उकळून जंतू मरतात, पण बहुतेक अँटिबायोटिक उकळून जात नाहीत. आक्कांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. दही लावणारे जंतूही जंतूच, तेही मरतात.

जांबोटी_रानकाठ (सोमवार, सकाळी ६:३०)

डॉक्टर, राग नको, पण मनातलं बोलतो. आमची वस्ती जांबोटीच्या पुढं रानात. जून ते सप्टेंबर पाऊस असा की ओढ्याला पाणी आलं की आमचा जगाशी संबंध तुटतो. तिथं म्हैस आजारी पडली तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लागायला आधी टेकडीवर चढावं लागतं. फोन लागला तरी गाडी ओढ्याच्या अलीकडं थांबणार. तीन वर्षांमागं घटसर्पानं एका रात्रीत माझ्या दोन म्हशी गेल्या. संध्याकाळी ताप, गळ्याला सूज, घोरणं, पहाटे आडव्या. त्यानंतर मी घरात बाटली ठेवायला लागलो, अंदाजानं टोचतो. नमुना पाठवायचा म्हटलं तर तीन दिवसांनी रिपोर्ट येणार. तीन दिवसांत आमच्याकडं तेरावा घालायची वेळ येते. आमच्यासारख्यानं करायचं काय?

निवृत्त_पशुवैद्य (सोमवार, सकाळी ८:१५)

राग कसला. तुमच्या वस्तीवर मी गुडघाभर चिखलातून आलोय, मला तो ओढा माहीत आहे.

घटसर्पात वाट बघायची नाही हे मलाही मान्य. त्यात तास मोजायचे असतात, ताप दिसताच उपचार, रिपोर्ट नंतर. पण घटसर्पाची लस आहे. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी वस्तीवरच्या सगळ्या जनावरांना ती टोचली तर त्या बाटलीची गरजच बहुतेक वेळा पडणार नाही. फऱ्याची लस आहे, लाळ-खुरकताची सरकारी मोहीम चालते. लस दिलेल्या गोठ्यात अँटिबायोटिक कमी लागतं, इतकं हे सरळ आहे. तुमच्या वस्तीवर मे महिन्यात लस पोचली नाही तर ती आमच्या खात्याची चूक, तुमची नाही, हेही लिहून ठेवतो. ग्रामपंचायतीकडून एप्रिलमध्येच लेखी मागणी द्या. सगळ्या वस्तीच्या जनावरांचा आकडा घालून द्या, नुसतं "लस पाठवा" म्हणू नका.

बाटली ठेवावीच लागली तर तुमच्या भागातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या: कोणतं औषध, कोणत्या लक्षणाला, जनावराच्या किती वजनाला किती मिली, किती दिवस. तो कागद बाटलीला रबर लावून गुंडाळून ठेवा. आणि दगडी, हगवण, साधा ताप यांना ती बाटली काढायची नाही.

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीत आपल्याकडं दुकानं रिकामी झाली होती ते आठवत असेल. लम्पी विषाणूचा रोग, अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. गाठी फुटून जखमेत जंतू शिरले तरच त्याचा उपयोग. पण लोकांनी पहिल्या तापापासून टोचलं. जीव वाचावा म्हणूनच टोचलं, मी कुणाला बोल लावत नाही. पण त्या सगळ्या डोसांनी लम्पी थांबला नाही, लव्हाळा मात्र वाढला.

प्रयोगशाळेतली (सोमवार, दुपारी २:२०)

मी बेळगावात माणसांच्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टरांनी थाळी समजावली, तीच थाळी मी रोज बघते, फक्त आमच्याकडं नमुना माणसाचा. दादा, तुमच्या मुलीबद्दलचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहिते.

स्टॅफ ऑरियस जनावराकडून माणसाकडं आणि माणसाकडून जनावराकडं दोन्हीकडं जातो. तो आपल्यातल्या पुष्कळांच्या नाकात काही त्रास न देता राहतोच. म्हणून घाबरू नका, पण दूध उकळल्याशिवाय मुलीला देऊ नका, आणि धार काढलेल्या हातानं तिला घास भरवू नका. तिच्या अंगावर फोड, पू झाला तर डॉक्टरांना म्हशीचा रिपोर्ट दाखवा. लाजू नका. आम्हाला तो कागद फार उपयोगी पडतो.

मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. जंतू ही प्रतिकाराची कला नुसती आपल्या पिल्लांना देत नाहीत, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. त्यांच्यात डीएनएचं एक छोटं कडं असतं, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. ते आपण शेजारणीला विरजण देतो तसं आहे. आपलं दही कमी होत नाही, तिच्या घरीही लागतं, तिथून तिसऱ्या घरी. म्हशीच्या शेणातला साधा जंतू, जो कुणाला आजारी पाडत नाही, तो असं विरजण घेऊन उकिरड्यात, तिथून भाजीच्या वाफ्यात, तिथून विहिरीत पोचतो. पुढं ते एखाद्या रोगाच्या जंतूला मिळालं की तो माणूस आमच्याकडं येतो.

२०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत असंच एक कडं सापडलं, कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारं. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर काढायचं औषध. ते तिथं जनावरांच्या खाद्यात घालत होते. त्यानंतर शोध घेतला तर त्या कड्यावरचं जनुक कितीतरी देशांत मिळालं. आपल्याकडं जुलै २०१९ मध्ये सरकारनं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनला बंदी घातली.

रिपोर्टमध्ये सगळीकडं "आर" (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आला की मी तो सहीसाठी वर पाठवते. तेव्हा खाली बाकावर त्या पेशंटची बायको बसलेली असते, कधी हातात डबा, कधी झोपलेलं मूल. तो जंतू कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. गोठ्यातनं आलाच असं मी म्हणणार नाही, माणसांनी माणसांसाठीच्या गोळ्या कमी उधळलेल्या नाहीत. पण वाट दोन्हीकडून आहे हे मला रोज दिसतं.

चिकोडी_पोल्ट्री (सोमवार, संध्याकाळी ७:४०)

ताईंनी कोलिस्टिनचं काढलं म्हणून लिहितो. कराराची ब्रॉयलर कोंबडी करतो, पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत माझी. बंदीच्या आधी पिल्लं आली की पहिले दिवस पाण्यात पुडी सोडायचीच, आजार असो नसो. त्यात काय आहे हे मी कधी वाचलं नव्हतं. बंदी आल्यावर पुडीवरचं नाव वाचलं तेव्हा समजलं.

आता मी काय करतो: एक बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून निदान पंधरा दिवस रिकामं ठेवतो, तूस पूर्ण बदलतो, पाण्याच्या टाकीत क्लोरीन. मर पहिल्यापेक्षा वाढलेली नाही. पंधरा दिवस शेड रिकामं म्हणजे वर्षाला एखादी बॅच कमी पडते, ते सोसायची सगळ्यांची ताकद नसते, हेही खरं.

निपाणीची_आक्का (सोमवार, रात्री ८:३०)

डॉक्टर, दगडी होऊच नये म्हणून काय करायचं ते नीट लिहा हो. झाल्यावरचं खूप झालं. आणि कोरफडीचा लेप म्हणतात तो खरा की नुसतंच?

निवृत्त_पशुवैद्य (सोमवार, रात्री १०:००)

आक्का, लेप नुसताच नाही. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवलाय. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, वाटून लालसर लगदा होतो. त्यातला थोडा थोडा पाण्यात पातळ करून कास धुऊन, सगळी पिळून, दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. सुरुवातीच्या सुजेला गुण येतो हे मी स्वतः पाहिलंय. जनावराला ताप असेल, खाणं सोडलं असेल, दुधात रक्त किंवा पू असेल तर लेपावर विसंबू नका, डॉक्टर बोलवा.

होऊ नये म्हणून सगळ्यात मोठी गोष्ट तुमचा हात. या जंतूचा एका म्हशीकडून दुसरीकडं जायचा मुख्य रस्ता म्हणजे धार काढणाऱ्याचा हात आणि कास पुसायचं फडकं. एकच फडकं चार म्हशींना फिरवायचं बंद करा. दगडीची म्हैस शेवटी पिळायची. अंगठा मुडपून धार काढायची सवय आपल्याकडं घरोघर आहे, त्यानं सड आतून दुखावतो, पूर्ण मुठीनं काढा. धार झाली की प्रत्येक सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. त्या वेळात ती शेणात बसली की झालं.

रोज पहिल्या दोन धारा काळ्या फरशीच्या तुकड्यावर घ्या, कण लगेच दिसतात. पंधरा दिवसांतून एकदा कपडे धुवायच्या पावडरीची परीक्षा करा: १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम पावडर, ते पाणी आणि सडाचं दूध वाटीत समभाग घेऊन हलवा. घट्ट, चिकट झालं तर त्या सडात आतल्या आत दगडी सुरू आहे, बाहेरून काही दिसत नसलं तरी.

नमुना घेताना सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली तिरकी धरून थोडं दूध घ्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी. नंतर घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा जंतू उगवतच नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. डॉक्टर नमुना घेऊन लगेच उपचार सुरू करू शकतात, रिपोर्ट आल्यावर औषध बदलता येतं. म्हणजे वाट बघायचं कारणही उरत नाही.

जांबोटी_रानकाठ (सोमवार, रात्री १०:२५)

एप्रिलचा अर्ज लिहायला घेतो. आमच्या वस्तीची जनावरं एकशे चौदा. मराठीत लिहून चालेल का कन्नडमध्ये लागेल?

निवृत्त_पशुवैद्य (सोमवार, रात्री १०:४०)

कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. मला मजकूर पाठवा, मी करून देतो.

मार्कंडेयकाठ (पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९:३०)

उशिरा लिहितोय, पण हकिगत सांगण्यासारखी आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी पावडरीची परीक्षा केली. थोरलीचा तो सड सोडून सगळ्यांची. धाकट्या म्हशीचा डावा पुढचा सड, बाहेरून अगदी मऊ, दूध पांढरंशुभ्र, आणि वाटीत हलवलं तर शेंबडासारखं झालं. आईला दाखवलं. ती बराच वेळ वाटीकडं बघत राहिली. आदल्याच दिवशी मी थोरलीला पिळून त्याच हातानं धाकटीला बसलो होतो.

डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी इंजेक्शनाआधी नमुना घेतला, मी स्वतः मोटारसायकलवरून बर्फाच्या डब्यात घालून बेळगावला पोचवला. शनिवारी रिपोर्ट आला. हा वेगळा जंतू निघाला, स्ट्रेप्टोकॉकस, आणि त्याला साधं पेनिसिलिन चालतं. सगळ्यात जुनं, स्वस्तातलं. मी दुकानात गेलो असतो तर परत "पॉवरचं" घेऊन आलो असतो. शनिवारपासून तीन दिवस पूर्ण डोस झाला. आज वाटीतलं दूध पातळ आहे.

धाकटीच्या शेपटीला लाल दोरी बांधलीय, म्हणजे घरातलं कुणीही धार काढायला बसलं तरी ते दूध किटलीत जाणार नाही. रेडकाला पाजायचं मनात होतं, पण डॉक्टर नको म्हणाले, त्याच्या पोटातल्या जंतूंना तेच शिक्षण मिळतं. विहिरीपासून लांब खड्डा काढून त्यात ओततोय. रोज नऊ लिटर दूध मातीत ओतताना आई तोंड फिरवते. दोरी पुढच्या मंगळवारी सुटेल.

डेअरीच्या सेक्रेटरींना मागच्या वीस दिवसांचं सांगून आलो. ते काही बोलले नाहीत, वहीत एक रकाना वाढवला: औषध चालू, हो किंवा नाही.

निपाणीची_आक्का (गुरुवार, रात्री ९:५५)

भाऊ, ती निर्जंतुक बाटली कुठं मिळते? माझ्या गाईची वाटी काल घट्ट झाली.

मार्कंडेयकाठ (गुरुवार, रात्री १०:०२)

प्रयोगशाळेतूनच देतात, आक्का. माझ्याकडं दोन कोऱ्या आहेत. उद्या सकाळी निपाणीच्या एसटीत कंडक्टरजवळ एक देतो, स्टँडवर घ्या. आणि तोवर काही टोचू नका.